शिनोलीच्या विहारात वाचनयंत्र

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत पुण्याची माणसं किल्ला चढायला जातात, नाहीतर लेण्यांच्या पायऱ्या चढायला, नाहीतर भीमाशंकरच्या धुक्यात भिजायला. मी यांतलं काहीच ठरवून केलं नाही. मी एक धर्मग्रंथ पोचवायला गेलो होतो. तो कागदावर नव्हता, म्हणून त्याची हकिगत लिहावीशी वाटली. एरवी पुस्तक पोचवायला गेलेल्या माणसाचा प्रवास कोण वाचणार?

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. पुण्यात माझं डीटीपीचं लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, स्तोत्रांच्या पुस्तिका, असं जे येईल ते मी जुळवून देतो. या धंद्यानं स्वभाव असा झाला आहे की नव्या गावात शिरलो की मी आधी पाट्या वाचतो, माणसं मला नंतर दिसतात. परदेशातली बहीण सुट्टीवर आली तेव्हा तिनं माझ्यासाठी एक वाचनयंत्र आणलं. वहीच्या निम्म्या आकाराचं, चपटं, राखाडी पडद्याचं. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. छापील पानासारखं ते बाहेरच्या उजेडात वाचायचं, आणि उन्हात तर अधिकच स्वच्छ दिसायचं. इंग्रजी पुस्तकांची अक्षरं बटण दाबून हवी तेवढी मोठी करता येत. मराठी मात्र त्या यंत्राला येत नव्हती. मराठी मजकूर घातला की ओळीच्या ओळी नुसते रिकामे चौकोन.

मिलिंद माझं जुनं गिऱ्हाईक, पुढे मित्र झाला. खोडदला जी मोठी रेडिओ दुर्बीण आहे तिथे तो इलेक्ट्रिशियन. घर शिनोलीला, घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. त्यांच्या विहारासाठी वंदनेची पुस्तिका छापायला तो दरवर्षी दुकानात यायचा. त्या वर्षी आला तो पुस्तिकेचं बोललाच नाही.

"आईनं विहारात जायचं सोडलंय," म्हणाला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बौद्ध घरांमध्ये आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास पाळतात. पावसाळ्याच्या या महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी धम्माचा ग्रंथ वाचतात. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. शिनोलीला हे वाचन कितीतरी वर्षं मिलिंदची आई, कौसल्यामावशी, करत आल्या होत्या. त्या अक्षरं शिकल्या लग्नानंतर, प्रौढांच्या वर्गात. आता त्यांच्या डोळ्यांना मधोमध दिसेनासं झालं होतं. कडेकडेनं दिसे, पण पुस्तकातलं बारीक अक्षर लागत नसे, आणि ऑपरेशनचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्या वर्षी आषाढी पौर्णिमेला त्या नेहमीसारख्या वाचायला बसल्या आणि दुसऱ्याच ओळीवर अडल्या. विहाराचं काम बघणाऱ्या गुरुजींनी सावकाश त्यांच्या हातातून ग्रंथ घेतला आणि पुढचं वाचून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून मावशींचे गुडघे दुखायला लागले.

"गुडघे कसले दुखतायत," मिलिंद म्हणाला. "एकदा तरी तिनं तिथं बसून वाचलं पायजे. नायतर आतल्या आत कुढत बसंल ती. तुमच्या त्या यंत्रात काय जमंल का?"

मी म्हणालो, बघू. माझा सगळा श्रावण त्या बघण्यात गेला. यंत्राला मराठी येत नसली तरी चित्र दाखवता येत होतं. म्हणून मी अख्खा ग्रंथ टाइप केला, पडद्याच्या मापाचं एकेक पान जुळवलं, समास जवळजवळ शून्यावर आणले आणि प्रत्येक पानाचं चित्र करून यंत्रात भरलं. लहान, मध्यम आणि मोठं अशा तीन मापांच्या अक्षरांत तीन वेगळे ग्रंथ केले. हे काम मी दुसऱ्या कुणासाठी केलं नसतं. मिलिंदसाठी केलं, आणि थोडं यंत्राची जिरवायची म्हणूनही केलं.

खोडद

मिलिंदची सुट्टी दोन दिवसांनी होती. तोवर खोडदला राहायचं आणि मग त्याच्या मोटरसायकलवरून शिनोली गाठायची असं ठरलं. नारायणगावला उतरून मी खोडदला पोचलो. दोन्हीकडे टोमॅटोचे मांडव, मध्येच कांद्याची रोपं, आणि या सगळ्याच्या डोक्यावर आभाळाकडे तोंड करून बसलेली जाळीची भलीमोठी तबकडी. खाली एक बाई शांतपणे खुरपत होती. तिनं वर पाहिलंही नाही.

गेटवर रखवालदारानं अडवलं. या आवारात मोबाइल चालू ठेवायचा नाही असा कडक नियम आहे.

"मोबाइल?"

"बंद केला."

"आन हे काय?"

"पुस्तक आहे."

"पुस्तकाला बटनं?" त्यानं यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. "शिम हाय का ह्यात?"

सिम नव्हतं, पण आत बिनतारी काहीतरी होतं. ते आपल्या देशात चालत नाही, असं मी त्याला समजावलं.

"चालत न्हाई मंजी उत्तर येत न्हाई, राव. पर हाका मारत आसंल का न्हाई?"

यंत्र त्याच्या टेबलाच्या खणात गेलं आणि मी आत गेलो. मिलिंदनं सांगितलं की या तबकड्या आकाशातले फार क्षीण आवाज ऐकतात. जवळ एखादी गाडी ठिणगी उडवत गेली तरी त्यांना गोंगाट होतो. आमच्या पेठेत गणपतीत दहा दिवस शेजाऱ्याशी खुणांनी बोलावं लागतं. इथे अख्खं आवार गप्प बसून ऐकत होतं. मला ती शांतता बरी वाटली, आणि पाट्याही वाचनीय होत्या, ठसठशीत आणि एकही जोडाक्षर न फुटलेल्या.

जेवायला मिलिंदच्या खोलीवर पिठलं, भाकरी आणि शेतातून आलेला ताजा कांदा होता. जेवताना तो आईबद्दलच बोलत होता. विहारातल्या लोकांनी वाचनासाठी त्याच्या बायकोला, संगीताला, विचारलं होतं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, चांगलं वाचते. पण तिनं सरळ नाही म्हणून सांगितलं. सासू घरात बसलेली असताना तिच्या जागेवर जाऊन मी कशी बसू, असं तिचं म्हणणं. म्हणून गुरुजीच वाचत होते.

"गुरुजींचं वाचन मंजी हजेरी घेतल्यावानी," मिलिंद म्हणाला. "निम्मी लोकं डुलक्या काढत्यात."

घाटघर

दुसऱ्या दिवशी मिलिंदला ड्यूटी होती. रिकामं बसण्यापेक्षा नाणेघाट पाहून यावा म्हणून मी जुन्नरला गेलो आणि घाटघरची एसटी पकडली. लॅपटॉप खोलीवर ठेवला. यंत्र मात्र बरोबर घेतलं, कारण श्रावणभराचं काम मला नजरेआड करवत नव्हतं. हा शहाणपणा पुढे अंगाशी आला.

जुन्नर सोडलं की मुलूख बदलतो. काळी जमीन संपते, भाताची खाचरं सुरू होतात, आणि प्रत्येक डोंगराच्या अंगावरून पाणी खाली उतरत असतं. घाटाच्या तोंडाशी असलेल्या गुहेत भिंतभर ब्राह्मी लेख कोरला आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. ओळी सरळ, अक्षरांतलं अंतर नेटकं. वाचता काही आलं नाही. अक्षरं जुळवणारा माणूस म्हणून एवढंच सांगतो की काम चोख आहे.

परत निघालो आणि पावसानं गाठलं. छत्री वाऱ्यानं उलटी केली, ती पुन्हा सुलटी झालीच नाही. घाटघरमधल्या पहिल्या घराच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो तर आतून एका म्हाताऱ्यानं हाक मारली, "आत या की, पावणं. भाईर काय भिजताय?" त्यांचं नाव बुधाबाबा. डोंगरातले भातकरी. त्यांच्या बायकोनं, आजीनं, विचारल्याशिवाय बिनदुधाच्या चहाचा पेला हातात दिला.

मी पिशवी उघडली. टॉवेल ओला, कपडे ओले, आणि यंत्राच्या पडद्याच्या कडेनं आत गेलेलं पाणी. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर मेलेला करडेपणा. पाटी फुटली तर दुसरी घेता येते, हे आणायचं कुठून? आणि मिलिंदला तोंड काय दाखवायचं?

"काय भिजलं?" आजीनं विचारलं.

"यंत्र. पुस्तक वाचायचं."

"कशाचं पुस्तक?"

"धर्माचं. शिनोलीच्या विहारात वाचायचा ग्रंथ आहे त्यात."

चुलीच्या वर त्यांनी दोरांनी एक फळी टांगलेली होती. पावसाळ्यात ओली लाकडं आणि सुकट तिच्यावर उबेला ठेवतात. यंत्र तिथे ठेवावं असं बाबांचं मत पडलं. ते हात वर करणार एवढ्यात आजी म्हणाली, "थांबा." तिनं एकेक करून सगळी सुकट फळीवरून खाली काढली, टोपलीत भरली, टोपली पडवीत नेऊन ठेवली. मग फळी ओल्या फडक्यानं पुसली, कोरड्यानं पुसली.

बाबा हसायला लागले. "आगं, त्यांचा धरम येगळा. आपल्या पोथीवानी न्हाय ते."

"येगळा आसंल," आजी म्हणाली. "धरमच हाय नव्हं? मंग मासळीसंगं कसा ठेवायचा?"

यंत्र घडी केलेल्या लुगड्यावर, फळीच्या मधोमध, एकटं विराजमान झालं. माझ्या घरी आजोबांची पोथी विजेच्या बिलांखाली असते. मी नाचणीची भाकरी आणि चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण जेवलो. कालवण इतकं तिखट होतं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते यंत्रासाठी आलं असं आजीला वाटलं असावं. "हुईल बरं," ती दोनदा म्हणाली.

शेवटची एसटी पावसामुळे आलीच नाही. रात्र तिथेच काढली. सकाळी यंत्र खाली उतरवलं. कोरडं ठणठणीत, कोमट, आणि चालू होत नव्हतं. बाबांनी ते कानाशी धरून पाहिलं. सुकट काढली तरी फळीनं आपला वास राखला होता. धूर आणि मासळी यांचा तो वास आता ग्रंथाला लागला होता.

शिनोली

खोलीवरचं माझं सामान आणि लॅपटॉप घेऊन मिलिंद मला जुन्नरच्या स्टँडवर भेटला. मी सगळं सांगितलं. तो चिडला नाही, त्यानं नुसतं यंत्र हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाला, "बॅटरी बसली आसंल. चार्जिंगला लावून बघू. आईला आत्ताच काय सांगू नका." मग आम्ही मोटरसायकलवरून निघालो.

घरी पोचलो तर लोडशेडिंग. वीज दुपारी येणार होती. कौसल्यामावशी ओट्यावर बसल्या होत्या, उंच, काटक, पांढऱ्या सुती पातळातल्या. "जयभीम, भाऊ," म्हणाल्या आणि मान जराशी वळवून माझ्याकडे कडेनं पाहिलं. समोरचा माणूस त्यांना तसाच दिसायचा. पहिल्यांदा मला वाटलं त्या माझ्यामागे कुणाला तरी बघतायत.

"कुठंय ते पुस्तक?"

"आधी जेवू दे की पावण्यास्नी," मिलिंद घाईनं म्हणाला.

संगीतानं मासवडी केली होती. न खाल्लेल्यांसाठी सांगतो, हिच्यात मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून मासळीच्या आकाराच्या वड्या पाडतात आणि झणझणीत रश्शाबरोबर खातात. पुण्यात मी ती हॉटेलात खाल्ली आहे. ती आणि ही, दोन्हींचं नाव एक आहे एवढंच. पण त्या दिवशी मी नीट जेवलो नाही. सारखा बल्बकडे बघत होतो.

वीज आली. मिलिंदनं यंत्र लावलं आणि आम्ही दोघं पाळण्यातल्या पोराकडे बघावं तसे त्याच्यावर वाकलो. बराच वेळ काही झालं नाही. मग पडदा एकदम काळा झाला, पांढरा झाला, आणि पहिलं पान उमटलं. मिलिंदनं माझ्या पाठीत इतक्या जोरात थाप मारली की माझा चष्मा निसटला. मला खरोखर रडू यायचं बाकी होतं.

मावशींनी यंत्र हातात घेतलं. आधी हुंगलं.

"ह्याला सुकटीचा वास येतुया."

आता सांगावंच लागलं. घाटघरच्या आजीनं फळी कशी पुसली ते ऐकून मावशी मनापासून हसल्या. "चांगली बाई हाय," म्हणाल्या. मग यंत्र डोळ्यांच्या उजव्या बाजूला धरून त्यांनी पान न्याहाळलं. मी मोठ्या अक्षरांचा ग्रंथ उघडून दिला होता, हाच त्यांना लागणार अशी माझी खात्री होती. त्यांनी चार शब्द वाचले. पाचवा शब्द खालच्या ओळीवर तुटून गेला होता.

"दिसतंय झ्याक. पर वाचाया येत न्हाई," त्या म्हणाल्या. "पुढं काय येतंय ते दिसाया नगं? त्याबिगर आवाज कसा लावायचा? थोडं बारीक करा."

मध्यम अक्षर दिलं. ते लागलं, पण ओळी एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसत होत्या आणि कडेनं बघताना त्या एका ओळीवरून दुसरीवर घसरत होत्या. मग मी लॅपटॉप उघडून ओट्यावर बसलो आणि मधल्या मापाच्या ग्रंथातल्या ओळींतलं अंतर वाढवलं. पानं पुन्हा पाडली, पुन्हा चित्रं केली, पुन्हा भरली. वीज परत जायच्या आत हे उरकायचं होतं. मावशी शेजारी बसून शेंगा फोडत होत्या आणि मधूनमधून विचारत होत्या, "झालं का हो?"

झालं. पान उलटताना पडदा क्षणभर काळा होतो, त्याला घाबरायचं नाही, एवढं त्यांना सांगितलं. त्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं, काळं होऊ दिलं, पुढचं पान आलं. मग मोठ्यानं एक परिच्छेद वाचला. कुठेही अडल्या नाहीत. संगीता हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. वाचून झाल्यावर मावशी उठल्या आणि म्हणाल्या, "संगे, माझं धुतलेलं पातळ काढ. सांजच्याला विहारात जायाचंय."

गुडघ्यांचा विषय कुणीच काढला नाही.

विहारात

विहार म्हणजे पत्र्याची एक स्वच्छ खोली. समोर बुद्धमूर्ती, मेणबत्ती, अगरबत्ती. त्यापुढे पांढरं कापड घातलेलं टेबल, त्यावर ग्रंथ, ग्रंथाभोवती फुलं. दुधाची वेळ आटोपून माणसं जमली होती. मावशींना आत येताना बघून बायकांच्या बाजूला कुजबुज झाली आणि जागा झाली.

गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, चष्म्याला दोरी लावणारे. त्यांनी यंत्र पाहिलं आणि मान हलवली.

"कौसल्याबाई, वाचा, आनंदच आहे. पण ग्रंथ सर्वांना दिसला पायजे. हे उद्या बंद पडलं तर आपण काय करायचं?"

"बंद पडलं तर हाय की तुमी," मावशी म्हणाल्या.

लोक हसले. शेवटी तोड निघाली. ग्रंथ टेबलावर नेहमीसारखा राहील, फुलं त्यालाच वाहायची, आणि मावशी हातातल्या यंत्रातून वाचतील. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मावशींनी ग्रंथाला वाकून प्रणाम केला, खुर्चीवर बसल्या, मान वळवली आणि वाचायला लागल्या.

मी धार्मिक माणूस नाही. ग्रंथ टाइप करताना मी तो एक अक्षर न सोडता वाचला होता, म्हणजे वाचला होता असं मला वाटत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पान संपलं की मावशी अंगठा दाबत, पडदा काळा होई, आणि तेवढा वेळ सगळी खोली थांबून राही. कुणी डुलकी काढली नाही. संगीताच्या ओठांची हालचाल होत होती. मिलिंद भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होता.

वाचन संपलं. "साधू, साधू, साधू," सगळे म्हणाले. मावशींनी वर्षानुवर्षांच्या सवयीनं हातातला ग्रंथ, म्हणजे यंत्र, टेबलावर त्या छापील ग्रंथावर ठेवला आणि बाजूला झाल्या. लोक एकेक करून फूल वाहून प्रणाम करायला पुढे येऊ लागले.

इथे मला एक गोष्ट आठवली, पण उशिरा. हे यंत्र थोडा वेळ हात लावला नाही की झोपी जातं, आणि झोपलं की पडद्यावर कुणातरी परदेशी लेखकाचं रेखाचित्र लावून ठेवतं. टाचा उंच करून पाहिलं. झुपकेदार मिश्या आणि पिंजारलेल्या केसांचा एक गोरा गृहस्थ शिनोलीकरांच्या शेवंतीत गळ्यापर्यंत बुडाला होता, आणि रांग अजून दारापर्यंत होती. मावशींना तो दिसणं शक्य नव्हतं. बाकीच्यांना दिसत होता, पण पाहुण्यांनी आणलेल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर असेल कुणी थोर पुरुष, असं समजून सगळे निमूट वाकत होते.

गुरुजी शेवटी आले. फूल वाहिलं, वाकले, आणि वाकलेलेच थांबले.

"हे कोण?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"लेखक आहेत. परदेशी. वारून खूप वर्षं झाली."

"बौद्ध होते?"

"नाही बहुतेक."

गुरुजींनी सरळ होऊन चष्मा पुसला. "असू द्या. लिहिणारा माणूस आहे. एक दिवस मिळाली फुलं, तर कुणाचं काय गेलं?" आणि मग न राहवून ते हसायला लागले. मिलिंदनं मावशींना कानात सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. घरी जाईपर्यंत त्यांचे खांदे हलत होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी

मी सकाळी निघणार होतो, पण घोडेगावच्या पुढे ओढ्याला पाणी आलं होतं. राहिलो. दिवसभर मावशी ओट्यावर उजेडात यंत्र घेऊन बसल्या होत्या. मी जवळ गेलो की नुसतं "हं" करायच्या.

संध्याकाळी विहारात माणसं आदल्या दिवसापेक्षा जास्त. बातमी पोचली होती. मिश्यावाले गृहस्थ आज येणार का, असं दोघांनी मला विचारलं. वंदना झाली. गुरुजींनी खुर्ची पुढे सरकवली आणि मावशींकडे बघितलं.

मावशी उठल्या, पण खुर्चीकडे गेल्या नाहीत. त्यांनी संगीताचा दंड धरून तिला उभं केलं.

"आजपासून ही वाचंल. टेबलावरच्या ग्रंथातनं."

संगीता रडवेली झाली. "आई, आसं काय करता? काल तुमी एवढं वाचलंत."

"का हो, मशीन बिघडलं का?" गुरुजींनी विचारलं.

"मशीन बरं हाय. मला दिसतंय बी." मावशी नेहमीसारख्या कुणाच्याच तोंडाकडे न बघता, कडेनं सगळ्यांकडे बघत होत्या. "त्या दिशी म्या अडले आन माझ्या हातातला ग्रंथ गेला. गुरुजी, तुमचं काय चुकलं न्हाई. पर मला तसं ह्या खुर्चीवरनं उतरायचं नव्हतं. डोळ्यानी उतरिवली म्हणून उतरली, आसं नगं व्हतं. काल म्या वाचलं. समद्यांनी आइकलं. आता माझ्या हातानी देते." आणि संगीताला म्हणाल्या, "बस. मी हाय हितं."

संगीता बसली. आवाज सुरुवातीला कापत होता. पहिल्या पानानंतर सावरला. मावशी बायकांमध्ये, बल्बच्या खाली भिंतीला टेकून बसल्या. त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं आणि तेच प्रकरण उघडलं. मला बरं वाटलं. सुनेबरोबर त्याही वाचत जाणार होत्या.

मी शेजारच्या दाराशीच होतो, पडदा मला दिसत होता. संगीता वाचत पुढे गेली. एक प्रसंग संपला, दुसरा सुरू झाला. मावशींचा अंगठा बटणावर तसाच होता. त्यांनी पान उलटलं नव्हतं. मला वाटलं, यंत्र अडकलं. मी वाकून हळूच म्हणालो, "मावशी, बटण दाबा. सगळे पुढे गेले, तुम्ही मागे राहिलात."

"जाऊ द्या त्यास्नी," त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "इतकी वरसं लोकांसाठी वाचलं, भाऊ. वाक्य कळायच्या आत पुढचं वाचाया लागायचं. आता माझ्यापुरतं वाचते."